ओटावाचा मुलाहिजा न ठेवता: कॅनडाच्या संघीय राजकारणावर पक्षपाती, बोचरं कसं लिहावं

लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह, एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी), ब्लॉक (क्युबेकपुरता लढणारा ब्लॉक केबेक्वा) किंवा ग्रीन, यांपैकी एका पक्षाची बाजू उघडपणे घेऊन लिहायचं ठरवलं असेल तर पहिली अट एकच. विरुद्ध पक्षाच्या कट्टर कार्यकर्त्याला तुमच्या मजकुरात एकही चुकीचा आकडा सापडता कामा नये. त्याला तुमचं मत पटणार नाही, तो चिडेल, शिव्या घालेल. ते सगळं चालतं. पण त्याने संसदेची नोंद उघडून तुमची तारीख खोटी पाडली, की तुमच्या टोल्यातली हवा तिथेच गेली आणि पुढचे दहा लेखही कुणी वाचणार नाही. बाजू घ्या, जीभ धारदार ठेवा, आणि नोंद तंतोतंत ठेवा.

आधी कुणाच्या हातात काय आहे ते बघा

हाऊस ऑफ कॉमन्समध्ये 343 जागा आहेत: ऑन्टारियो 122, क्युबेक 78, ब्रिटिश कोलंबिया 43, अल्बर्टा 37, बाकीच्या उरलेल्या प्रांतांत आणि तीन प्रदेशांत. बहुमताला 172 लागतात. 28 एप्रिल 2025 च्या निवडणुकीत लिबरल 169 वर थांबले, कॉन्झर्व्हेटिव्ह 144, ब्लॉक 22, एनडीपी 7 आणि ग्रीन 1. सभागृहात अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला 12 खासदार लागतात, म्हणून एनडीपीची ती मान्यता गेली. 2025 आधीची आकडेमोड 338 जागांवर चालायची. जुना लेख समोर ठेवून लिहिणारे 170 ला बहुमत म्हणतात आणि पहिल्याच परिच्छेदात उघडे पडतात.

मतांची टक्केवारी आणि जागा यांची गल्लत तर नेहमीची. 2019 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांना 34.3 टक्के मतं आणि 121 जागा, लिबरलांना 33.1 टक्के आणि 157 जागा. 2021 मध्येही तसंच: 33.7 विरुद्ध 32.6 टक्के, जागा मात्र 119 विरुद्ध 160. अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमध्ये प्रचंड मताधिक्यांनी जिंकलेल्या जागांमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह मतं साचून राहतात, हे त्यामागचं मोठं कारण. कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूने लिहिणाऱ्याने "जास्त लोकांनी आम्हाला मत दिलं" असं जरूर म्हणावं, ते खरं आहे. "निवडणूक चोरली" म्हणू नये, कारण नियम दोघांनाही ठाऊक होते. लिबरल बाजूने लिहिणाऱ्याने "देशाने आम्हाला कौल दिला" म्हणताना 32.6 हा आकडा स्वतःहून सांगावा. नाहीतर समोरचा सांगणारच आहे.

अधिकार कुणाचा, यात सगळ्यात जास्त लेख फसतात. रुग्णालयं, शाळा, घरबांधणीचे स्थानिक नियम हे प्रांताच्या आणि नगरपालिकेच्या हातात. फौजदारी कायदा, संरक्षण, बँका, बेरोजगारी विमा आणि इमिग्रेशनचा मोठा भाग ओटावाकडे, म्हणजे संघ सरकारकडे. इमर्जन्सीत ताटकळावं लागलं म्हणून थेट पंतप्रधानांना झोडपलं तर वाचक शहाणा असेल तर हसतो. ओटावाला धरायचं असेल तर संघ सरकार प्रांतांना देत असलेल्या आरोग्य निधीवर धरा, किंवा 1984 च्या कॅनडा हेल्थ ॲक्टच्या अटी मोडल्यावर निधी कापायचा अधिकार असून तो वापरला का, यावर धरा. परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर दोघांचेही हात गुंतलेले आहेत: कुठल्या कॉलेजला परदेशी विद्यार्थी घेता येतील हे प्रांत ठरवतो, परवाना ओटावा देतं, आणि जानेवारी 2024 मध्ये संख्येवर मर्यादा आणली तीही ओटावाने. कुणावर नेम धरायचा ते तुम्ही ठरवा, पण दुसरा हात झाकू नका.

माल कुठून काढायचा

बातम्या वाचून लिहिलेला लेख बातमीइतकाच शिळा असतो. मूळ कागदाकडे जा. बहुतेक सगळं फुकट आहे.

हॅन्सार्ड म्हणजे सभागृहात बोललेल्या शब्दांची अधिकृत नोंद. प्रश्नोत्तराचा तास खरं तर 45 मिनिटांचा असतो: सोमवार ते गुरुवार दुपारी सव्वादोनच्या आसपास, शुक्रवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. प्रश्नाला साधारण 35 सेकंद, उत्तराला तेवढीच. त्यामुळे मंत्र्याने एकाच प्रश्नाला चारदा टाळलं तर चारही उत्तरं शब्दशः एकाखाली एक ठेवता येतात, आणि त्यावर तुम्हाला एक शब्दही जास्त लिहावा लागत नाही. एक खाच लक्षात ठेवा: हॅन्सार्ड संपादित असतं. बाकावरून मारलेले टोमणे त्यात "काही सन्माननीय सदस्य: ओह, ओह!" एवढ्यावरच आटोपतात. कुणी काय ओरडलं यावर लेख उभा करायचा असेल तर संसदेच्या पार्लव्ह्यू या संकेतस्थळावर चित्रफीत स्वतः ऐका, वेळ टिपून ठेवा, आणि आवाज कुणाचा हे नक्की कळत नसेल तर नाव घेऊ नका.

मतदानाची नोंद ही दुसरी खाण, आणि दुसरा सापळा. बजेटच्या जाडजूड विधेयकात शेकडो तरतुदी असतात. विरोधी खासदाराने त्या विधेयकाविरुद्ध मत दिलं की सत्ताधारी बाजू लगेच म्हणते, "यांनी अग्निशमन जवानांच्या सवलतीविरुद्ध मत दिलं." हे दोन्ही पक्षांनी आपापल्या वेळी केलं आहे आणि वाचक त्याला विटले आहेत. लिहायचंच असेल तर असं लिहा: "ज्या बजेट विधेयकात ही सवलत होती त्याच्या विरोधात मत दिलं." नंतर त्या खासदाराने फक्त तेवढ्या कलमासाठी काही दुरुस्ती सुचवली होती का, ते लेजिसइन्फो या संसदेच्या विधेयकांच्या संकेतस्थळावर बघा. सुचवली नसेल तर तुमचा टोला पक्का. मतदान दुसऱ्या वाचनाला होतं की तिसऱ्या, हेही तपासा. दुसरं वाचन म्हणजे तत्त्वाला मान्यता, तिथे हो म्हणून तिसऱ्याला नाही म्हणणं ही कोलांटी असेलच असं नाही, मधे समितीने विधेयक बदललेलं असू शकतं.

लॉबिस्टांच्या नोंदवहीत कोणत्या कंपनीचा माणूस कोणत्या मंत्र्याशी कधी बोलला हे मिळतं. मागच्या महिन्यातल्या भेटींची माहिती पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते. म्हणजे निर्णय झाल्यावर पुढच्या महिन्याच्या 15 तारखेनंतर परत जाऊन बघायची सवय लावा. भेट झाली म्हणजे काम झालं असं सिद्ध होत नाही, तेव्हा भेटीची तारीख आणि निर्णयाची तारीख शेजारी मांडा आणि तिथे थांबा.

इलेक्शन्स कॅनडा या संघीय निवडणूक यंत्रणेच्या देणगी नोंदीत 200 डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं असतात. कंपन्या आणि युनियनांना 2007 पासून संघीय पक्षांना देणगी देता येत नाही. "अमुक कंपनीने पक्षाला पैसे दिले" हे वाक्य म्हणूनच जवळजवळ नेहमी चुकीचं असतं, दिलेले असतात त्या कंपनीतल्या व्यक्तींनी. आणि कृपा करून चारशे डॉलर देणाऱ्या एखाद्या दंतवैद्याला नावानिशी झोडपू नका. पद आणि सत्ता असलेल्यांचा मुलाहिजा ठेवायचा नाही, हे ठीक. साध्या नागरिकाने पक्षाला वर्गणी दिली हा त्याचा हक्क आहे.

याशिवाय महालेखापरीक्षक, संसदीय बजेट अधिकारी आणि नीतिमत्ता आयुक्त यांचे अहवाल. यांचं मोल असं की ते कुठल्याच पक्षाचे नाहीत. माहिती अधिकाराखाली अर्ज करायला 5 डॉलर लागतात. कॅनडात राहणारा कुणीही करू शकतो, नागरिक असायची गरज नाही. कायद्याने 30 दिवसांत उत्तर यायला हवं, पण मुदतवाढ सर्रास घेतली जाते. म्हणून चालू वादासाठी अर्ज करू नका, पुढच्या वर्षीच्या वादासाठी करा. अर्जात "सर्व कागदपत्रं" असं कधीही मागू नका. तारखांची चौकट, अधिकाऱ्याचं पद आणि कागदाचा प्रकार लिहा: अमुक महिन्यातल्या ब्रीफिंग नोट्स. जेवढं मोघम मागाल तेवढी मोठी मुदतवाढ आणि तेवढ्या मजकूर झाकणाऱ्या जास्त काळ्या पट्ट्या.

एक परिच्छेद घडवताना

समजा तुम्ही लिबरलविरोधी आहात आणि अराइव्हकॅनवर, म्हणजे कोविडकाळात सीमेवर प्रवाशांची माहिती घेणाऱ्या सरकारी ॲपवर लिहिता आहात. पहिल्या झटक्यात लिहिलं जातं ते असं:

"लिबरल सरकारने एका ॲपवर कोट्यवधी डॉलर उधळून आपल्या मित्रांची घरं भरली."

यात आकडा नाही, तारीख नाही, आणि "मित्रांची घरं भरली" हा सिद्ध न झालेला आरोप आहे. लिबरल वाचक तेवढा एक शब्द पकडून सगळं फेटाळून लावतो. आता हे बघा:

"अराइव्हकॅनवर किती खर्च झाला? महालेखापरीक्षक कॅरन होगन यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये अंदाज दिला: सुमारे 5 कोटी 95 लाख डॉलर. अंदाजच, कारण नेमका आकडा काढता येईल एवढे कागदच सरकारने ठेवले नव्हते. तुमच्या चाळीस डॉलरच्या पावतीसाठी मात्र हेच सरकार तुम्हाला सहा वर्षं कागद जपायला लावतं."

विशेषण एकही नाही. रक्कम, महिना आणि पक्षाबाहेरच्या अधिकाऱ्याचं नाव आहे. टोला शेवटच्या वाक्यात आहे, आणि तेही खरंच आहे: कॅनडाचं महसूल खातं करदात्याला सहा वर्षं कागदपत्रं ठेवायला सांगतं. वाचकाच्या स्वतःच्या कपाटातल्या फायलीशी विषय जोडला गेला की राग आपोआप येतो, तुम्ही "लाज वाटली पाहिजे" असं लिहायची गरज राहत नाही.

लहान रकमेची ताकद वेगळी. 2012 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्री बेव्ह ओडा यांचा लंडनच्या हॉटेलातला 16 डॉलरचा संत्र्याचा रस गाजला. त्याच काळात अब्जावधींचे वाद चालू होते, पण लोकांच्या लक्षात रस राहिला, कारण रसाचा ग्लास केवढ्याला मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं. अशी लहान रकमेची गोष्ट सापडली तर ती लेखाच्या वरच्या भागात ठेवा. आणि ओडा यांनी पैसे परत केले होते, हेही त्याच परिच्छेदात सांगा. लपवलंत तर समोरचा ते शोधून आणेल, आणि मग गोष्ट रसाची न राहता तुमच्या लपवाछपवीची होईल.

खरी परीक्षा असते ती दोन्ही पक्षांचे हात लागलेल्या प्रकरणात. फिनिक्स पगारप्रणाली घ्या. सरकारी नोकरांचे पगार एकाच यंत्रणेतून द्यायची योजना कॉन्झर्व्हेटिव्ह हार्पर सरकारने 2009 मध्ये सुरू केली. ती चालू झाली फेब्रुवारी 2016 मध्ये, लिबरल ट्रूडो सरकारच्या काळात. आणि हजारो कर्मचाऱ्यांचे पगार कमी, जास्त किंवा मुळीच आले नाहीत. लिबरल लेखक 2009 वर थांबतो, कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक 2016 पासून सुरू करतो, आणि दोघांचंही खोटं पहिल्या प्रतिक्रियेत उघडं पडतं. आपल्या पक्षाचा वाटा एका वाक्यात, स्पष्ट, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीलाच कबूल करा. मग उरलेली पाच वाक्यं समोरच्यावर मोकळ्या मनाने खर्च करा. कबुली शेवटी टाकली तर ती पळवाट वाटते.

संसद स्थगित करण्यावरून लिहिणाऱ्यांनी तर चारही वादग्रस्त तारखा भिंतीवर लावाव्यात. हार्पर यांनी डिसेंबर 2008 आणि डिसेंबर 2009 मध्ये स्थगिती घेतली, ट्रूडो यांनी ऑगस्ट 2020 आणि जानेवारी 2025 मध्ये. चारही वेळी विरोधकांनी लोकशाहीचा गळा घोटल्याची हाकाटी केली आणि सत्ताधाऱ्यांनी नवी सुरुवात म्हटलं. तुम्हाला फक्त दोन तारखांचा संताप असेल तर वाचक उरलेल्या दोन विचारणारच.

टोल्यांना मुदत असते, हेही ध्यानात घ्या. लिबरल नेते मार्क कार्नी 14 मार्च 2025 ला पंतप्रधान झाले तेव्हा खासदार नव्हते. संसदीय परंपरेत ते चालतं, 1984 मध्ये जॉन टर्नरही तसेच आले होते, पण "कुणी न निवडलेला पंतप्रधान" हा चिमटा तेव्हा रास्त होता. 28 एप्रिलला कार्नी नेपियनमधून निवडून आल्यावर तो संपला. तसंच कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्ह त्याच निवडणुकीत कार्लटनमध्ये स्वतःच्या जागेवर पडले ही बोचणारी गोष्ट होती. ऑगस्ट 2025 मध्ये बॅटल रिव्हर–क्रोफूटची पोटनिवडणूक जिंकल्यावर "सभागृहात जागा नसलेला नेता" हे चुकीचं झालं. "स्वतःची जागा गमावलेला नेता" हे मात्र कायम खरं राहील.

खिल्ली कशाची उडवायची, कशाची नाही

1993 च्या प्रचारात प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनी लिबरल नेते जाँ क्रेतिएँ यांचे वाकड्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत वापरले. लहानपणीच्या आजाराने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला हा माणूस. देशभरातून संताप उसळला, स्वपक्षाचे उमेदवारही चिडले, जाहिरात मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत पक्ष 2 जागांवर आला. पराभवाची कारणं अनेक होती, पण जाहिरातीने उरलीसुरली सहानुभूतीही घालवली. 2008 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांच्या संकेतस्थळावर लिबरल नेते स्तेफान दिओं यांच्या खांद्यावर पफिन पक्षी शिटताना दाखवला गेला आणि प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात हार्पर यांना माफी मागावी लागली. लिबरलही मागे नव्हते: 2006 मध्ये हार्पर शहरांत सैन्य उतरवतील असं सुचवणाऱ्या जाहिरातीची इतकी टर उडाली की तिचा उलटाच परिणाम झाला.

शरीर, उच्चार, पगडी, आडनाव, जोडीदार, मुलं यांना हात लावू नका. इंग्रजी भाषिक नेत्याच्या फ्रेंचवर लिहिता येतं, कारण क्युबेकच्या 78 जागांसाठी ती कामाची गोष्ट आहे. पण त्याने नेमकं काय चुकीचं सांगितलं त्यावर लिहा, उच्चाराची नक्कल करत बसू नका.

हेतूचा आरोप हा सगळ्यात मोहाचा. एनडीपीचे तेव्हाचे नेते जगमीत सिंग 25 फेब्रुवारी 2019 ला खासदार झाले; खासदाराच्या पेन्शनला सहा वर्षांची सेवा लागते, म्हणजे 25 फेब्रुवारी 2025. तोवर सरकार पाडलं नाही ते पेन्शनसाठीच, असा कॉन्झर्व्हेटिव्हांचा धोशा होता. तारखा खऱ्या आहेत, हेतू मात्र कुणालाच दिसत नाही. शिवाय लिबरलांशी केलेला करार सिंग यांनी सप्टेंबर 2024 मध्ये मोडला होता, आणि डिसेंबरमध्ये सरकार पाडायला तयार असल्याचं पत्रही काढलं होतं. म्हणायचंच असेल तर या चारही तारखा द्या आणि "मला तरी हे पेन्शनचं गणित वाटतं" असं मत म्हणून म्हणा.

कोर्टाची पायरी चढू नये म्हणून

मत आणि वस्तुस्थिती यांतला फरक तुम्हाला वाचवतो. 2008 च्या डब्ल्यूआयसी रेडिओ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सार्वजनिक हिताच्या विषयावर, खऱ्या वस्तुस्थितीवर आधारलेलं, मत म्हणून ओळखू येणारं आणि कुणाचंही प्रामाणिकपणे असू शकेल असं मत कितीही कडवट असलं तरी संरक्षित आहे. ते द्वेषबुद्धीने केलेलं नसावं. 2009 च्या ग्रँट विरुद्ध टोरस्टार निकालाने जबाबदारीने तपासून छापलेल्या मजकुरालाही बचाव दिला. 2011 मध्ये नुसता दुवा देणं म्हणजे प्रसिद्धी नव्हे असंही ठरलं. पण दुव्याखालचा आरोप तुम्ही आपल्या शब्दांत लिहिलात तर तो तुमचा. क्युबेकमध्ये दिवाणी कायदा वेगळा आहे, तिथे मजकूर खरा असणं हा पुरेसा बचाव नसतो.

"नालायक", "ढोंगी", "बिनकण्याचा" ही मतं. "लाच घेतली", "चोर", "बनावट कागद केला" हे गुन्ह्याचे आरोप. सिनेटर माइक डफी यांचं प्रकरण आठवा: डफी यांच्या वादग्रस्त खर्चाची परतफेड करायला पंतप्रधान हार्पर यांचे चीफ ऑफ स्टाफ नायजेल राइट यांनी 90,172 डॉलरचा धनादेश दिला, हे खरं, पण एप्रिल 2016 मध्ये डफी सगळ्या 31 आरोपांतून सुटले. आजही त्यांना "दोषी" लिहिणारे सापडतात. धनादेशावर लिहा, निकालासकट.

खासदार सभागृहात काहीही बोलले तरी त्यांच्यावर बदनामीचा दावा लागत नाही. तो विशेषाधिकार तुम्हाला नाही. सभागृहातला आरोप उचलायचा तर "अमुक खासदार अमुक तारखेला सभागृहात म्हणाले" अशी चौकट ठेवून, शब्दशः आणि उत्तरासकट उचला. उलट सभागृहात बंदी असलेले शब्द तुम्हाला मोकळे आहेत: एप्रिल 2024 मध्ये ट्रूडो यांना "वॅको" म्हणून तो शब्द मागे न घेतल्याने पॉलिएव्ह यांना दिवसभरासाठी बाहेर काढलं होतं. तुम्हाला कुणी काढणार नाही.

चाचण्या, जाहिराती आणि निवडणुकीचा काळ

1,000 जणांच्या राष्ट्रीय चाचणीत अटलांटिक प्रांतांतले जेमतेम 70 लोक असतात. यादृच्छिक नमुना धरला तरी चूक अधिक-उणे 12 टक्क्यांच्या घरात. त्यावरून "नोव्हा स्कोशियात लाट" असं लिहिणं म्हणजे हवेत गोळ्या. ऑनलाइन पॅनेलच्या चाचणीला तर खऱ्या अर्थाने चुकीची मर्यादा लावताच येत नाही. एका संस्थेची लागोपाठ तीन सर्वेक्षणं एकाच दिशेने गेली तरच कल म्हणा. निवडणूक जाहीर झाल्यावर चाचणी प्रथम प्रसिद्ध होते त्यापासून 24 तासांत ती देणाऱ्या प्रत्येकाने ती कुणी करवली, कुणी केली, कधी, किती लोकांत आणि चुकीची मर्यादा काय हे द्यावं लागतं.

स्वतःचं राजकीय मत इंटरनेटवर पैसे न घेता मांडणं ही कायद्याने जाहिरात नाही. पण तीच पोस्ट पैसे भरून बूस्ट केलीत की खर्च मोजायला लागा. पक्षपाती कामांवर, जाहिरातींवर आणि सर्वेक्षणांवर मिळून 500 डॉलर झाले की इलेक्शन्स कॅनडाकडे त्रयस्थ पक्ष म्हणून लगेच नोंदणी करावी लागते, आणि जाहिरातीवर तुमचं नाव, फोन, पत्ता आणि तुमच्या संमतीचं वाक्य लागतं. चारपाच जणांनी वर्गणी काढून बूस्ट केलं तर ती रक्कम एकत्रच धरा. कॅनडाबाहेर राहणाऱ्या, नागरिक किंवा स्थायी रहिवासी नसलेल्या मित्राने तुमच्या पोस्टवर मत लिहिलं तर हरकत नाही. पैसे मात्र त्याचा एकही डॉलर घेऊ नका.

ऑगस्ट 2023 पासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्यांचे दुवे दिसत नाहीत. तिथे लिहिणाऱ्याने बातमीऐवजी संसदेच्या, महालेखापरीक्षकांच्या किंवा इलेक्शन्स कॅनडाच्या पानाचा दुवा द्यावा. तो उघडतो, आणि पुरावा म्हणून जास्त भक्कमही असतो. वर्तमानपत्राचा फोटो किंवा अख्ख्या लेखाचा स्क्रीनशॉट मात्र नको. 2012 पासून विडंबन आणि उपहासाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण दुसऱ्याचा फोटो नुसता सजावटीला लावला तर ती सवलत लागू होत नाही.

चूक झालीच तर मजकूर गुपचूप बदलू नका. लेखाच्या वर तारीख घालून काय चुकलं होतं आणि बरोबर काय ते लिहा, आणि मूळ पोस्ट जिथे जिथे टाकली होती तिथे तिथे दुरुस्तीही टाका. जुन्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट विरुद्ध बाजूच्या कुणाकडे तरी असतोच.